गीझर तापत नाही? नवा घेण्याआधी कॉइल काढून बघा

नागपुरात रात्रीचा पारा 10 अंशांखाली उतरला, की नेमका त्याच आठवड्यात गीझर मान टाकतो. मिस्त्री येतो, बाहेरूनच बघतो आणि 'नवीनच घ्या' म्हणून मोकळा होतो. टाकी गळत नसेल तर त्याचं ऐकायची घाई करू नका. घरात बोअरचं, म्हणजे क्षारांचं पाणी असेल तर पहिला संशय पाणी तापवणाऱ्या कॉइलवर घ्यायचा.

आधी एमसीबी, म्हणजे बोर्डावरचा मुख्य खटका, पाडा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. वायरिंग उलटं असेल तर बटण बंद असूनही कॉइलपर्यंत करंट असतो. टेस्टर लावून खात्री करा, पायात चप्पल असू द्या आणि पाणी निवू द्या.

खालचं झाकण उघडलं की कटआउटचं, म्हणजे जास्त तापल्यावर करंट तोडणारं, छोटं बटण दिसेल. ते उडालेलं असेल तर दाबा. कधी कधी एवढ्यावरच काम होतं. पुन्हा पुन्हा उडत असेल तर तापमान सांभाळणारा थर्मोस्टॅट बदला.

वायरींचा मोबाइलवर फोटो काढून मगच त्या सोडवा. आता कॉइलच्या दोन टोकांना मल्टिमीटर लावा. 2000 वॅटच्या कॉइलला साधारण 26 ओहम दाखवायला हवेत. आकडाच आला नाही तर कॉइल तुटली. कॉइलचं टोक आणि टाकीचा पत्रा यांच्यात कंटिन्युइटी (विजेचा जोड) दिसली तर करंट पाण्यात उतरतोय. पाणी तापत असलं तरी ती कॉइल फेका.

पाण्याचा कॉक बंद करा, गरम पाण्याचा नळ उघडा ठेवा आणि गार पाण्याचा पाइप सोडवा. नळातून हवा आत शिरते आणि टाकी गार पाण्याच्या वाटेने रिकामी होते. 15 लिटर पाणी येतं, बादल्या आधीच मांडून ठेवा. मग फ्लँजचे, म्हणजे कॉइल बसवलेल्या चकतीचे, नट काढून कॉइल अलगद खाली ओढा.

आमची निघाली तेव्हा ओळखू येत नव्हती. जुन्या चुन्याच्या भिंतीचे सुटावेत तसे पांढरे पोपडे, आणि मागोमाग अर्धा मग चुरा खाली पडला. शेजारच्या मॅग्नेशियम रॉडची फक्त तार उरली होती. हा रॉड स्वतः झिजतो म्हणून टाकी गंजत नाही. बरेच मिस्त्री तो बघतच नाहीत. तो बदलाच.

कॉइल शाबूत असेल तर हातोडी नको. कोमट पाण्यात लिंबूसत्त्व टाकून रात्रभर बुडवा, टोकं मात्र कोरडी राहू द्या. नवी घ्यायची तर जुनी सोबत घेऊनच बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, जा. वॅट सारखे असले तरी फ्लँजची भोकं जुळत नाहीत.

बसवताना गॅस्केट (फटीतून पाणी गळू न देणारी रबरी चकती) नवंच लावा, नट समोरासमोरचे थोडे थोडे आवळा. यानंतरची चूक सगळ्यात महाग पडते: टाकी भरायच्या आत बटण दाबणं. गरम नळातून सलग धार येईपर्यंत थांबा, नाहीतर नवी कॉइल कोरडीच जळेल.

टाकीच गळत असेल तर मात्र डागडुजीत पैसे घालू नका. नवा घेताना आयएस 2082 चा आयएसआय मार्क बघा, उंच इमारतीत 8 बार दाब सोसणारा घ्या आणि जुना सेफ्टी व्हॉल्व्ह परत लावू नका.

थर्मोस्टॅट 55 अंशांच्या आसपास ठेवा. 60 च्या वर क्षार भराभर बसतात, आणि तसंही बादलीत गार पाणी ओतावंच लागतं.