स्कुबा डाईव्हला जाताय? दाबाखालच्या हवेचं आधी समजून घ्या

पाण्यात दर १० मीटरला एका वातावरणाएवढा दाब वाढतो, म्हणजे ३० मीटरवर चौपट, आणि सिलेंडरची हवाही तेवढ्याच दाबाने छातीत जाते. हवा साधीच असते, पण शरीराला ती साधी राहत नाही.

पहिले कान. खाली जाताना नाक चिमटीत धरून हळूच फुंकायचं, दुखायच्या आधीच, दर अर्ध्या-एक मीटरला. कानातला दडा सुटत नसेल तर थोडं वर या. सर्दी असेल तर डाईव्ह रद्द, पैसे गेले तरी चालतील. आणि श्वास कधीच रोखायचा नाही, १० मीटरवर भरलेली हवा वर येईपर्यंत दुप्पट होते आणि फुप्फुस फाटू शकतं, हे उथळ पाण्यातही होतं.

३० मीटरच्या आसपास नायट्रोजन चढायला लागतो, अगदी दारूसारखा. अंदमानात हॅवलॉकला मी सिलेंडरमधली उरलेली हवा दाखवणारं गेज तीनदा बघितलं, काटा ११० बारवर, आकडा वाचता येत होता पण त्याचं करायचं काय तेच सुचेना, नुसतं मस्त वाटत होतं. बडीने, म्हणजे डाईव्हमधल्या जोडीदाराने, अंगठा वर केला, म्हणजे 'वर चल', पाच-सहा मीटर वर आलो आणि डोकं लख्ख. उपाय तेवढाच, वर यायचं. म्हणून बडीशी हे आधीच बोलून ठेवा.

साध्या हवेऐवजी नायट्रॉक्स नावाचं मिश्रण घेतलात तर नायट्रोजन कमी पण ऑक्सिजन जास्त, आणि दाबाखाली ऑक्सिजन विषारी होतो, काही न जाणवता थेट झटके येऊ शकतात. ३२ टक्के ऑक्सिजनवाल्या सिलेंडरने ३३ मीटरच्या खाली जायचं नाही.

वर येताना मिनिटाला ९ मीटरपेक्षा जास्त वेग नको, ५ मीटरवर ३ मिनिटं थांबा. रक्तात, चरबीत विरघळलेला नायट्रोजन हळूहळू श्वासावाटे जायला हवा, घाई केली की आतच बुडबुडे होतात.

हे बाहेर आल्यावरही संपत नाही. एका डाईव्हनंतर निदान १२ तास, जास्त डाईव्हनंतर १८ तास विमान नको. मालवण-गोव्याहून आंबोलीमार्गे परतणाऱ्यांनी घाटही धरा, साधारण ७०० मीटरची चढण आहे, वर जाता जाता वेफर्सचं पाकीट कसं टम्म फुगतं बघितलंय ना? रात्र खालीच काढा. सांधे दुखले, मुंग्या आल्या, हातपाय जड वाटले तर पेनकिलर घेऊन झोपू नका, लगेच ऑक्सिजन लावा आणि डॉक्टरला डाईव्ह केल्याचं सांगा.