विंडोजशेजारी लिनक्स टाकण्याआधीची तयारी

पार्टिशनला (डिस्कच्या वाटणीला) हात लावण्याआधी मशीन यूईएफआय या नव्या पद्धतीने सुरू होतं की जुन्या बायोस पद्धतीने, ते बघा. विंडोजच्या ‘सिस्टीम इन्फर्मेशन’मध्ये ‘बायोस मोड’ अशी ओळ असते. तिथे यूईएफआय असेल तर विंडोजच्या डिस्कवरचा पार्टिशनचा तक्ता जीपीटी प्रकारचा आहे, लेगसी (म्हणजे जुनी बायोस पद्धत) असेल तर एमबीआर या जुन्या प्रकारचा. लिनक्सच्या इन्स्टॉलरचा पेनड्राइव्हही त्याच मोडमध्ये बूट करायचा. बूट मेनूत तो बऱ्याचदा दोनदा दिसतो. यूईएफआय मशीनवर ‘यूईएफआय’ लिहिलेली नोंद निवडा. इथे चुकलात तरी इन्स्टॉल बिनतक्रार पार पडू शकतं, पण ग्रबमधून (लिनक्सच्या बूट मेनूमधून) विंडोज उघडत नाही आणि माणूस भलत्याच ठिकाणी दोष शोधत बसतो.

बॅकअप वेगळ्या डिस्कवर घ्या. त्याच डिस्कच्या डी ड्राइव्हवरची प्रत म्हणजे बॅकअप नव्हे. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून बिटलॉकर सस्पेंड (तात्पुरता बंद) करा, कारण बूटची व्यवस्था बदलली की विंडोज ती की मागू शकतं. फास्ट स्टार्टअपही बंद हवं. ते चालू असताना शट डाउन म्हणजे अर्धं हायबरनेशनच (विंडोजची काही अवस्था डिस्कवर तशीच राखून ठेवलेली असते), त्यामुळे लिनक्सला सी ड्राइव्हवर लिहिता येत नाही.

जागा विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून काढा. साध्या वापराला ५० जीबी पुरते. सी रिकामा असूनही आकसत नसेल तर मधे हलवता न येणारी पेजफाइल किंवा हायबरनेशन फाइल अडून बसलेली असते. सुटलेली जागा ‘अनअलोकेटेड’च राहू द्या. एमबीआरवर चारच प्रायमरी पार्टिशन बसतात. चारही भरलेली असताना विंडोज डिस्क ‘डायनॅमिक’ करायला सुचवतं, तिथे ठाम नकार द्या.

यूईएफआय मशीनवर साधारण १०० एमबीचं फॅट३२ पार्टिशन आधीच असतं. दोन्ही बूटलोडर (सिस्टीम सुरू करून देणारे प्रोग्राम) त्यातच वेगवेगळ्या फोल्डरमध्ये राहतात, म्हणून ते वापरा पण फॉरमॅट करू नका. फॉरमॅटच्या त्या एका टिकमार्कने विंडोजचा बूटलोडर पुसला जातो.

इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नसेल तर फर्मवेअरमध्ये (यूईएफआय किंवा बायोसच्या सेटिंगमध्ये) स्टोरेज रेड किंवा इंटेलच्या आरएसटी मोडवर आहे का, ते पाहा. तो बदलून एएचसीआय हा साधा मोड करण्याआधी विंडोज सेफ मोडमध्ये सुरू होईल असं लावा, नाहीतर निळी स्क्रीन येते.

इन्स्टॉलनंतर मेनूत विंडोज नसेल तर सगळं पुन्हा टाकायला धावू नका. ग्रब २.०६ पासून ओएस-प्रोबर (डिस्कवरच्या इतर सिस्टीम शोधणारं साधन) मुळात बंद असतं. ग्रबच्या सेटिंग फाइलमध्ये ते चालू करून मेनू नव्याने तयार करा.