लेन्स एरर आणि भरकटणारा फोकस: सुपरझूमवर केलेले उपाय

कॅमेरा सुपरझूम, म्हणजे लेन्स न बदलता खूप लांबचं जवळ आणणारा: 35 मिमी फिल्म कॅमेऱ्याच्या हिशेबात 24 ते 1200 मिमी झूमचा. तक्रारी दोन: चालू करताना लेन्स अर्धवट बाहेर येऊन एरर, आणि पूर्ण झूमवर फोकस नुसता पुढे-मागे घुटमळत राहायचा.

पहिलीचं कारण लेन्सच्या नळ्यांमधल्या फटीत बसलेली वाळू. बॅटरी काढली, लेन्स जमिनीकडे तोंड करून धरली आणि रबरी ब्लोअरने फटीभोवती वारा मारला. तोंडाने फुंकू नका, थुंकी उडते. बॅटरी पूर्ण चार्ज करूनच परत घातली, कारण उतरलेल्या बॅटरीवरही झूमची मोटर अडते. नळी हाताने ओढायचा मोह आवरा. आतले बारीक दाते तुटले तर दुरुस्ती दुकानातच.

दुसरा घोळ सेटिंगचा निघाला. फोकसची चौकट मोठी, त्यामुळे बाभळीवरच्या खंड्याऐवजी पुढची काटकीच स्पष्ट येई. चौकट सगळ्यांत लहान करून मधोमध आणली, डिजिटल झूम बंद केला. तरी पकडेना, तर साधारण तेवढ्याच अंतरावरच्या खोडाच्या कडेवर शटरचं बटण अर्धं दाबून धरायचं आणि मग पक्ष्याकडे वळायचं. पूर्ण झूमवर अगदी जवळचं फुलपाखरू फोकस होतच नाही. झूम कमी करा किंवा दोन पावलं मागे सरका.

हातात धरून शटरचा वेग 1/1000 सेकंदाच्या आसपास, ट्रायपॉडवर स्थिरीकरण (हात हलल्याने येणारा धूसरपणा कमी करणारी सोय) बंद. भर दुपारी तापलेल्या माळावर मात्र हवाच लहरत असते, तिथे सेटिंगचा इलाज चालत नाही. सकाळी लवकर जा.