मरणाच्या भीतीवर साक्षीभावाचा अभ्यास

पतंजलींनी योगसूत्रांत मनाला पीडणाऱ्या पाच क्लेशांत अभिनिवेश, म्हणजे जगण्याची चिवट ओढ, शेवटी सांगितली आणि ती विद्वानालाही सोडत नाही असं बजावलं. त्यामुळे गीतेचा दुसरा अध्याय पाठ असूनही रिपोर्ट हातात घेताना हात थरथरला, तर त्यात नवल नाही. पाठांतर पुरत नाही, रोज बसावं लागतं.

बसण्याआधी कागदावर भीतीचे तीन भाग करा : दुखण्याची भीती, घरच्यांची काळजी आणि ‘मीच उरणार नाही’ ही धास्ती. वेदान्ताचं औषध तिसऱ्यावर आहे : साक्षीभाव, म्हणजे देह-मनात जे घडतं ते आपण नुसतं पाहणारे आहोत ही जाणीव. पहिलीसाठी डॉक्टरांशी वेदनाशमनाबद्दल मोकळेपणाने बोला. दुसरीसाठी मृत्युपत्र करा. त्याला दोन साक्षीदार लागतात, आणि ज्यांना काही मिळणार आहे त्यांना साक्षीदार करू नका. बँकेतलं नॉमिनीचं नावही बघून घ्या. ही कामं तुंबलेली असली की ध्यानात तीच वर येतात.

आता अभ्यास. पहाटे वीस मिनिटं, पाठ ताठ ठेवून बसा. आडवे झालात तर डुलकी लागेल. पाच मिनिटं श्वास नुसता येऊ-जाऊ द्या. मग शरीराकडे या : गुडघ्याची कळ, मांडीचा भार, खाज. प्रत्येक वेळी एवढंच, ‘हे मला कळतंय.’ जे कळतं ते दृश्य, ज्याला कळतं तो द्रष्टा. घडा पाहणारा घडा नसतो. असंच श्वास, भूक, मग खुद्द भीती. ती छातीत आहे की पोटात? आली कधी, ओसरली कधी? पुढे ‘मी अमक्याची आई’, ‘मी निवृत्त शिक्षक’ हे विचार. तेही येतात आणि जातात. शेवटची पाच मिनिटं त्या कळण्यातच राहा. त्याला शोधायला निघू नका, सापडेल ते पुन्हा दृश्यच असेल.

इथे बरेच जण अडकतात. छान शांत वाटतं आणि हाच आत्मा असं वाटू लागतं. पण ती शांतीही येते-जाते. तैत्तिरीय उपनिषदाच्या हिशेबात तो आनंदमय कोश, आत्म्यावरच्या पाच आवरणांतला शेवटचा, पण कोशच.

दुसरा अभ्यास दोन मिनिटांचा, जाग आल्याबरोबर, मोबाइलला हात लावण्याआधी. गाढ झोपेत नाव, नाती, देह काहीच नव्हतं. त्या अवस्थेला आपण घाबरत नाही, उलट तिच्यासाठी अंथरूण घालतो. मग ‘काहीच कळलं नाही’ हे आता कोण सांगतंय? झोपेत मेंदू चालूच असतो, हा आक्षेप रास्त आहे. हा प्रयोगशाळेतला पुरावा नव्हे. ‘मी म्हणजे एवढंच’ ही पकड सैल करण्याची युक्ती आहे.

‘मी देह नाही’ असा नुसता जप केला तर भीती त्याच्याखाली दबून राहते. रमण महर्षींनी १८९६ मध्ये मदुराईत, सोळाव्या वर्षी, मरणाची भीती आल्यावर निपचित पडून, श्वास रोखून विचार केला होता. त्याची नक्कल करून श्वास कोंडू नका. त्यांना भीती आपसूक आली होती, ठरवून आणलेली नव्हती. ऐन घबराटीत डोळे मिटले तर छातीची धडधड जास्तच ऐकू येते. तेव्हा डोळे उघडे ठेवा, तळपाय जमिनीला टेकवा, उच्छ्वास लांबवा. छातीत दुखत असेल तर आधी दवाखाना. बीपीची गोळी चुकवणं हे वैराग्य नव्हे. झटके वारंवार येत असतील, झोप उडाली असेल किंवा मरण हवंसं वाटत असेल, तर हा अभ्यास थांबवून मानसोपचारतज्ज्ञांकडे जा, उद्यावर ढकलू नका.

आणि दुसऱ्याच्या सुतकाच्या घरी जाऊन ‘आत्मा अमर आहे’ म्हणू नका. तिथे चहा करून द्यावा.

प्रगती मोजायची ती भीती आली की नाही यावर नाही. अंगावर ट्रक आला की शरीर उडी मारणारच. तपासणीच्या आदल्या रात्री मन त्या विचारात किती वेळ अडकलं, तेवढं वहीत लिहा : तीन तास, दीड तास, वीस मिनिटं.