कौलं धड, तरी खोली गळकी

मागच्या खोलीची कौलं दोनदा बदलली, तरी गळती तशीच. फुटलेलं एकही नव्हतं! शेवटी पाणसळ लावून मोजलं: मीटरभर अंतरात उतार जेमतेम 12 सेंमी, म्हणजे 7 अंशांच्या आसपास. इतक्या कमी उतारावर पाणी रेंगाळतं आणि वाऱ्याच्या झोताने कौलांच्या जोडाखालून उलटं वर चढतं. कौलांना उतार याच्या दुपटीहून जास्त हवा. खालच्या रिपा (कौलांखालच्या लाकडी पट्ट्या) काळ्या पडलेल्या, नखाने भुगा निघत होता. त्या बदलून आढ्यापासून वळचणीपर्यंत अखंड पत्रे टाकले, मध्ये आडवा जोडच नाही. स्क्रू पन्हळीत न मारता उंचवट्यावर, रबरी वॉशरसकट. गळती थांबली. पावसाचा आवाज मात्र ताशासारखा येतो. पत्र्याखाली आवाज अडवणारा थर घालायचा कंटाळा केला, तो आता नडतोय.