आळे, आले आणि माझं पहिलं शुद्धिपत्र

नदी, डोंगर, गाव, वाडी यांच्यावर पुस्तकं काढणाऱ्या एका लहानशा न्यासात मी गेली सहा वर्षं काम करते. दर जून-जुलैत भूगोल किंवा मराठी घेऊन एम. ए. झालेली दोन-तीन मुलं भेटायला येतात. ‘आम्हालाही हेच करायचंय’ म्हणतात. प्रत्येकाला मी तीच गोष्ट सांगते, म्हणून आता लिहूनच ठेवते.

धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी, फर्मा सोळा पानांचा का, मॅपलिथो आणि आर्ट पेपर यांत फरक काय, हे तुम्ही शिकून आला असाल असं धरते. नसाल तर आठवड्यात शिकाल. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, फुकट मिळतो, त्यासाठी कुणाला पैसे देऊ नका. आणि पुस्तक निघाल्यावर 1954 च्या कायद्याप्रमाणे कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह चार ग्रंथालयांना प्रती पाठवायच्या असतात, त्या पाठवा. आमच्याकडे एकदा त्या टेबलाखालच्या खोक्यात वर्षभर पडून होत्या.

पैशांचं एकदाच बोलते. ‘ना नफा’ म्हटलं की लोक पुढचं ‘ना तोटा’ मनातल्या मनात जोडून टाकतात. तोटा असतो. देणगीदार छपाईला पैसे देतो, कारण पुस्तकावर त्याचं नाव येतं. दुसऱ्यांदा गावात जाऊन खातरजमा करायला कुणी पैसे देत नाही, कारण तिथे नाव टाकायला जागा नसते. हे वाक्य लक्षात असू द्या, पुढे लागेल.

माझं पहिलं पुस्तक कुकडी नदीच्या खोऱ्यावरचं. नाणेघाटाच्या अलीकडे पूर गावच्या कुकडेश्वराच्या देवळापासून निघायचं, चावंड, माणिकडोह, येडगाव करत बोरीला यायचं, जिथे नदीकाठच्या थरांत ज्वालामुखीची राख सापडली आहे, आणि निघोजच्या रांजणखळग्यांपाशी थांबायचं. लेखक चांगले होते, छायाचित्रं सुंदर होती. शेवटी पाकिटात घडी घालून ठेवायचा मोठा नकाशा आणि मागे स्थलनामसूची, ही दोन कामं माझी. 412 नावं. नवी होते, हुरूप होता, आणि अंगात शहाणपणा होता.

नकाशासाठी आम्ही भारतीय सर्वेक्षण विभागाची पन्नास हजारी (1:50,000 प्रमाणाची) नकाशा-पत्रकं घेतली. त्यावर नावं रोमन लिपीत. मी ती क्यूजीआयएस या नकाशे करायच्या संगणक-प्रणालीत भरली, नावांचा रकाना निवडला, लिप्यंतराच्या साधनातून देवनागरी करून घेतला. अर्धा दिवस. मग बसून ओळखीची नावं दुरुस्त केली. आळे रोमनमध्ये ए-एल-ई. साधनाने त्याचं ‘आले’ केलं होतं. मी हसले आणि ‘आळे’ केलं. आळेफाट्यावर भजी खाल्लेल्या कुणालाही ते जमेल. माणिकडोहचं ‘मानिकदोह’ झालं होतं, तेही बदललं. डिंगोरेचं ‘दिंगोरे’, टाकळी हाजीचं ‘तकली हाजी’. सगळं नीट केलं आणि वाटलं, झालं.

सापळा इथेच आहे, म्हणून जरा पाल्हाळ लावते. रोमन नकाशावर ल आणि ळ एकच, न आणि ण एकच, त-ट एकच, द-ड एकच, अ-आ सुद्धा एकच. टी-ए-एल-ई ही चार अक्षरं घ्या. तले, ताले, तळे, ताळे, टले, टाले, टळे, टाळे. आठ शक्यता, आणि पाणी त्यांतल्या एकातच आहे. एम-ए-एल-ए म्हणजे मळा, माळा, माला की मला? मळा ओलिताचा असतो, माळावर कुसळं असतात. वाडीच्या नावात ‘मळा’ असेल तर तिथे कधीकाळी विहीर नाहीतर पाट होता हे वाचणाऱ्याला न सांगता कळतं. ‘माला’ छापलं की ती विहीर बुजली.

ही चूक मुद्रितशोधनात सापडेल असं वाटतं ना? मलाही वाटलं होतं. चूक सापडते ती चुकीसारखी दिसते तेव्हाच. ‘मानिकदोह’ डोळ्याला टोचतं. ‘माला’ टोचत नाही, तो शब्द आहे. ‘टाळे’ही आहे. ‘कोळवाडी’ची ‘कोलवाडी’ झाली तर पुण्यात बसलेल्या मुद्रितशोधकाला ते एखाद्या गावाचं नाव वाटतं, आणि त्याचं काय चुकलं? त्याने उलट एका ठिकाणी आमच्या लेखकाने बरोबर लिहिलेल्या ‘दरा’चं ‘दारा’ करून ठेवलं, कारण नकाशात मी तसं लिहिलं होतं आणि त्याला सुसंगती हवी होती. सुसंगती या शब्दाची मला अजून थोडी भीती वाटते.

खात्रीसाठी मी 1885 चं पुणे जिल्ह्याचं गॅझेटियर उघडलं होतं, हेही कबूल करते. इंग्रजीतच ते. रोमनवरून रोमन तपासून मी स्वतःची समजूत घातली.

पुस्तक छापलं, हजार प्रती. प्रकाशन खोऱ्यातल्याच एका गावात, शाळेच्या पटांगणात. भाषणं चालू असताना एका निवृत्त गुरुजींनी नकाशाची घडी उलगडली, चष्मा कपाळावर सरकवला आणि बोटाने वाट धरत धरत वर गेले. कार्यक्रम संपल्यावर माझ्याकडे आले. म्हणाले, ‘मॅडम, पुस्तक लई भारी झालंय. फक्त आमचं तळं गायब केलंत.’ रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

त्या आठवड्यात मी 412 नावं पुन्हा धरली. 61 चुकली होती. आळे, ओतूर, नारायणगाव यांतलं एकही नाही. चुकल्या त्या वाड्या, वस्त्या, पाणवठे, खिंडी, म्हणजे ज्या नावांसाठी हे पुस्तक काढलं होतं नेमकी तीच. नकाशा सुटा होता, तो पुन्हा छापला. त्याचे पैसे पुढच्या पुस्तकातून गेले आणि ते पुस्तक वर्षभर लांबलं. सूचीला शुद्धिपत्र जोडलं. उरलेल्या प्रतींमध्ये ते कागद मी स्वतः घातले, तीन रविवार. विकल्या गेलेल्या प्रती तशाच आहेत. एक मागच्या वर्षी जुन्या पुस्तकांच्या गाडीवर दिसली, विकत घेऊन टाकली.

मग आता नावं कशी तपासायची? आधी जिल्हा परिषदेच्या शाळेच्या भिंतीवरची पाटी बघा, मग एसटीची पाटी, मग मराठी मतदार यादी. सातबारा गावापुरता उपयोगी. वाडी त्याच्यात बहुधा नसते. हे सगळंही चुकतं, पण वेगवेगळ्या ठिकाणी चुकतं, म्हणून उपयोगाचं. आणि शेवटी माणूस. इथे एक गोष्ट अशी आहे जी मला कुठल्याच कार्यशाळेत कुणी शिकवली नाही: नाव तुम्ही आधी उच्चारू नका. ‘हा कोलवाडीचा रस्ता ना?’ असं विचारलंत की समोरचा भला माणूस ‘हो हो’ म्हणतो. शहरातून आलेल्या पाहुण्याला कोण कशाला दुरुस्त करेल? हात करून दाखवा आणि विचारा, ‘त्याला काय म्हणता?’ मग गप्प बसा. ऐकलेलं तिथेच देवनागरीत लिहा, आणि लिहिलेलं त्यांना वाचायला द्या. पाणवठ्याचं नाव पाणी भरणाऱ्या बाईला विचारा, माळाचं गुरं राखणाऱ्याला. सरपंचाला शेवटी विचारा.

कार्यशाळांचा विषय निघालाच आहे तर सांगते, प्रकाशनाच्या दोन दिवसांच्या निवासी कार्यशाळांवर पैसे घालवू नका. तिथे मुखपृष्ठ आणि समाजमाध्यमं यांवर बोलतात. माझे खरे गुरू दोन: आमचे जुने मांडणीकार, ज्यांनी श्रीलिपी या जुन्या टंकप्रणालीतून युनिकोडमध्ये येताना रफार कुठे उडतात ते दाखवलं, आणि जुन्नरच्या बाजूला आयुष्यभर गाडीवर राहिलेले एक एसटी कंडक्टर. दुसऱ्या गुरूंनी एका दुपारी चहाच्या दोन कपांत 38 नावं दुरुस्त केली. तिकीट कुठलं मागितलं हे पंचवीस वर्षं कानाने ऐकलेला माणूस आहे तो. ज्येष्ठ संपादकांकडून मी खूप शिकले, नाही असं नाही, पण त्यांना खोऱ्यातल्या नावांपेक्षा प्रस्तावनेची काळजी जास्त असते.

बाकी सापळे भराभर सांगते. नकाशाच्या कोपऱ्यात ‘खोरं कुठे आहे’ दाखवायला भारताचा चिमुकला नकाशा टाकायचा मोह होतो. देशाची बाह्य सीमा सर्वेक्षण विभागाच्या नकाशाशी जुळली नाही तर 1961 च्या कायद्याने तो गुन्हा आहे, मग नकाशा टपाल तिकिटाएवढा का असेना. एक तर विभागाचीच सीमारेषा वापरा, नाहीतर फक्त जिल्हा दाखवा. छायाचित्रकाराशी तोंडी ठरवू नका. आणि करार लेखी असला तरी हक्क किती वर्षांसाठी ते लिहिलं नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो, कुठल्या प्रदेशात ते लिहिलं नसेल तर भारत. शिकागोच्या मंडळाला पुस्तकाची परदेशी आवृत्ती हवी होती तेव्हा आम्हाला हे कळलं.

आणि हजार प्रती काढू नका. तीनशे काढा. बाकीच्या माझ्या पलंगाखाली होत्या.

एका गोष्टीचं उत्तर माझ्याकडे अजून नाही. काही नावं बरोबर असतात आणि तरी छापवत नाहीत. जुन्या नकाशांवर वस्त्यांना जातीची नावं आहेत. डिसेंबर 2020 मध्ये राज्य सरकारने ती बदलायचं ठरवलं आणि ठिकठिकाणी समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावं आली. नकाशात नवंच नाव द्यायचं, यावर आमच्यात वाद नाही. पण लेखात एखादी आजी आपल्या लहानपणाबद्दल बोलताना जुनं नाव घेते, तिथे काय करायचं? आम्ही तिलाच विचारलं. ती म्हणाली, ‘मी बोलले ते राहू दे, पण पाटीवर नको.’ तसंच केलं. दुसऱ्या गावात दुसरं कुणी वेगळं सांगेल. जिल्ह्यांच्या नावांचं त्यामानाने सोपं. 2024 पासून अहिल्यानगर, की सूचीत अहिल्यानगर.

हे वाचून घाबरला असाल तर थांबा. 61 चुकून मला कुणी काढलं नाही. गुरुजी आता आमच्या प्रत्येक नकाशाचं पहिलं प्रूफ बघतात आणि मानधन घेत नाहीत, फक्त दोन प्रती मागतात. तुमच्याकडूनही चुकेल, नावात नाही तर आणखी कशात. फक्त चुकायच्या आधी एकदा गावात जाऊन या, आणि त्या फेरीचे पैसे अंदाजपत्रकात ‘छपाई’च्या वर लिहा, खाली लिहिलेलं कापलं जातं. मी तीनदा कापू दिलंय.

सध्या दुसऱ्या एका नदीवर काम चालू आहे. एका डोहाला अलीकडच्या काठावर एक नाव आहे, पलीकडच्या काठावर दुसरं, आणि दोन्ही काठांना आपलंच खरं वाटतं. मी दोन्ही लिहून आणली. मांडणीकार म्हणतात, एवढ्या जागेत दोन नावं बसणार नाहीत, एक ठरवा. मंगळवारी नकाशाचं प्रमाण वाढवून किती कागद जास्त लागेल ते छापखान्यात विचारायला जातेय.