कोळशाच्या गावातलं विरजण

शेजारच्या सुनेनं परवा कुंपणावरून विचारलं, "काकू, दह्यानं छातीतली धूळ निघते काय?" हातात दुकानातून आणलेली महागडी प्रोबायोटिक दह्याची डबी होती. मी म्हटलं, "निघत नाही. पण घरी दही लाव, रोज लाव." ती गोंधळली. मग तिला ओट्याशी उभी करून जे सांगितलं, तेच इथे लिहिते आहे.

आधी दूध. एक लिटर म्हशीचं दूध उकळी आल्यावर लगेच उतरवू नका. मंद आचेवर दहा मिनिटं ढवळत राहू द्या. दुधाच्या पाण्यातली प्रथिनं उष्णतेनं उलगडतात आणि केसीनला, म्हणजे दुधातल्या मुख्य प्रथिनाला, चिकटतात, त्यामुळे दही घट्ट लागतं आणि पाणी कमी सुटतं. मग निवू द्या. मी महाविद्यालयाच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत २८ वर्षं सहायक होते, त्यामुळे तापमापी बुडवून बघते: ४२-४३ अंश. तापमापी नसेल तर करंगळी बुडवून दहा अंक मोजा. चटका न बसता सहन झालं की झालं. घाई केली तर काय होतं ते मी भोगलंय. पाहुणे यायचे म्हणून वाफाळत्या दुधात विरजण टाकलं, जंतू मेले आणि सकाळी पातेल्यात दूधच.

दूध निवतंय तोवर धुळीचं बोलू. चंद्रपुरात राहणाऱ्याला धूळ ओळखीची असते. इकडे औष्णिक वीज केंद्र, भोवती कोळशाच्या खाणी, वर सिमेंटचे कारखाने. सकाळी पुसलेल्या ओसरीवर संध्याकाळी बोट फिरवलं की काळं होतं. पण डोळ्यांना दिसणारी धूळ बहुतेक नाकात, घशात अडकते. खरी घातकी ती न दिसणारी, अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक, म्हणजे केसाच्या जाडीच्या विसाव्या-पंचविसाव्या हिश्शाची. ती थेट वायुकोशांपर्यंत, म्हणजे फुफ्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्यांपर्यंत, जाते. तिथे पहारेकरी पेशी असतात, त्या कण गिळतात. गिळलेला कण पचत नाही, मग त्या धोक्याचे रासायनिक निरोप सोडतात, आणखी पेशी धावून येतात आणि दाह, म्हणजे आतली सूज, सुरू होतो. रोज धूळ, रोज दाह.

गंमत अशी की पेशी कण गिळतात हे ज्यांनी ओळखलं, त्या इल्या मेचनिकोव यांना १९०८ साली त्याच कामासाठी नोबेल मिळालं, आणि आंबट दूध खा म्हणून युरोपभर सांगत फिरणारेही तेच! बल्गेरियातले शेतकरी दही खाऊन दीर्घायुषी होतात, असं त्यांचं म्हणणं. ते स्वतः ७१व्या वर्षी गेले.

आता विरजण. उन्हाळ्यात लिटरला एक सपाट चमचा पुरे, हिवाळ्यात तीन. जास्त घातलं म्हणजे दही चांगलं लागतं असं नाही. ते लवकर आंबतं आणि रवाळ होतं. विरजण आधी वाटीत थोड्या दुधात फेटून घ्या, मग पातेल्यात मिसळा. एकदा ढवळलं की हलवायचं नाही. इथे मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो, तेव्हा चार तासांत दही तयार. थंडीत पातेलं जुन्या शालीत गुंडाळून ज्वारीच्या कोठीत ठेवते, आठ-नऊ तास. लागलं की लगेच थंड जागी हलवा. मातीच्या मडक्यात लावलं तर मडकं पाणी शोषतं, दही सुरीनं कापण्यासारखं होतं. झाकण मात्र घट्ट हवं, नाहीतर आमच्याकडे सायीवर काळी ठिपकी दिसतात.

विरजणच नसेल तर वाळलेल्या लाल मिरच्यांची चार-पाच देठं कोमट दुधात टाकून रात्रभर ठेवा. पहिलं दही पातळ आणि विचित्र वासाचं होतं, ते खाऊ नका, त्याचं फक्त पुढचं विरजण करा.

पातेल्यात त्या तासांत काय घडतं? जंतू दुधातली साखर खाऊन लॅक्टिक आम्ल करतात. दुधाचा सामू (पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप; जितका कमी तितकं आंबट) ६.६च्या आसपास असतो, तो ४.६पर्यंत उतरला की केसीन गोठतं. त्याच वेळी जंतू प्रथिनांचे लहान लहान तुकडे करतात. त्यांना पेप्टाइड म्हणतात, आणि संशोधकांचं लक्ष आहे ते या तुकड्यांवर आणि जंतूंवर. उंदरांना असे जंतू किंवा आंबवलेल्या दुधातले घटक खाऊ घालून मग बारीक धूळ दिली, तेव्हा फुफ्फुसातला दाह कमी दिसला, अशी कामं झाली आहेत. आतड्याचं आणि फुफ्फुसाचं काही बोलणं चालतं, हे आता मानलं जातं. पण उंदराला वजनाच्या मानानं दिलेली मात्रा आणि आपली वाटी यांचा हिशेब जुळत नाही. धूळ बाहेर काढणं तर त्यात कुठेच नाही; झाला तर दाहावर थोडा लगाम.

गुळाचंही तसंच. खाणीतली माणसं पाळी संपली की गुळाचा खडा चघळतात. लखनौमध्ये उंदरांवर त्याचा प्रयोग झाला, १९९४ साली तो छापून आला, आणि गुळानं कण सरकायला मदत होते असं त्यात दिसलं. तेही उंदीरच. आमच्या ह्यांनी खाणीत ३४ वर्षं काढली, खिशात गूळ कायम. तरी आता श्वासासाठी औषधाचा पंप घ्यावा लागतो. मागच्या डिसेंबरात ताकानं बरं वाटतंय म्हणून ह्यांनी चार दिवस पंपच घेतला नाही, मला पत्ता नाही. पाचव्या रात्री दोन वाजता बसून श्वास ओढत होते. तेव्हापासून ताकाचा पेला मी पंपाच्या शेजारीच ठेवते.

खायचं कसं, याला मी जास्त महत्त्व देते. नुसतं दही पोटात जाऊन उपयोग थोडा. आतड्यातल्या जंतूंना चोथा लागतो. तो आंबवून ते ब्युटिरेटसारखी आम्लं तयार करतात आणि ती दाह शमवायला मदत करतात. म्हणून आमच्या जुन्या कण्याच बऱ्या. ज्वारीच्या कण्या मऊ शिजवायच्या, निवल्या की वर ताक, मीठ, ठेचलेला लसूण, सोबत जवसाची चटणी. दुपारी जेवणात एवढंच असलं तरी पोट भरतं. आंबीलही चालते, पण ताक घालून ती उकळली की जंतू मरतात. कढीचंही तेच. पेप्टाइड आणि आम्ल राहतं, म्हणून कढी वाया गेली असं मी म्हणत नाही, पण रोज एक वाटी न तापवलेलं दही असू द्या. साखर घातलेलं श्रीखंड या हिशेबात धरू नका. दह्यावर सुटलेलं पाणी फेकू नका, त्यात कणीक मळा.

दह्यानं कफ होतो म्हणून सासूबाई रात्री वाटी उचलून ठेवायच्या. ऑस्ट्रेलियात १९९०च्या सुमारास सर्दीचा विषाणू देऊन माणसं तपासली, तेव्हा दुधानं शेंबूड वाढलेला आढळला नाही. तरी मी दुपारीच देते. घरात उगाच वाद कशाला? ज्याला दुधाची ॲलर्जी आहे, त्यानं मात्र या वाटेला जाऊच नये.

बाकीचं दही करत नाही, ते असं. थंडीत सकाळी धूर जमिनीलगत दबून राहतो, म्हणून फिरायला ऊन वर आल्यावर जायचं. फोनवरच्या, हवा किती खराब ते सांगणाऱ्या समीर ॲपमध्ये आकडा २०० ओलांडला की हे घरातच चकरा मारतात. बाहेर जायचंच तर एन-९५ मुखपट्टी, नाकाशी चिमटून; ओढणी बारीक कणांना अडवत नाही. झाडू नको, ओलं फडकं.

सुनेनं सगळं ऐकलं आणि डबी पुढे केली, "मग हिचं काय करू?" वाचून बघितलं, जिवंत जंतू आहेत असं लिहिलेलं होतं, साखर नव्हती. तिच्यातलाच एक चमचा काढून तिच्या पातेल्यात घातला.